सायकलवरची थंडी आणि अंगावरचे कपडे

नोव्हेंबर लागला की वर्तमानपत्रांतून 'गुलाबी थंडी'ची वर्णने येऊ लागतात. ती लिहिणारे बहुधा गोधडीत बसून लिहीत असावेत. ज्याला पहाटे पाच वाजता सायकल बाहेर काढायची आहे, त्याला थंडीचा रंग गुलाबी दिसत नाही. पेपर टाकणारी पोरे, दूध घालणारे, पहिल्या पाळीला बुटीबोरी-हिंगण्याकडे निघालेले कामगार, झाडूकामाला जाणारे आपले बांधव आणि चार घरची कामे उरकायला अंधारातच निघणाऱ्या भगिनी, या सगळ्यांची थंडी वेगळी असते. ती नाकातून शिरते, बोटांत बसते आणि गुडघ्यांतून बाहेर निघायचे नाव घेत नाही.

वाचक म्हणतील, आता सायकल राहिली कुठे? घरोघर मोटारसायकली झाल्या. झाल्या हे खरे, पण सगळ्या घरांत नाही झाल्या. जिथे झाली तिथे ती घरातला कर्ता पुरुष घेऊन जातो आणि सायकल उरते ती मुलीला. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. खेड्यातून तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलींची रांग आज रस्त्याने दिसते ती त्यामुळे. सायकल मिळाली, पण सायकलवर अंगात काय घालायचे हे कोणी सांगितले नाही. म्हणून आजचा विषय आम्ही हाच घेतला आहे.

विषय लहान वाटेल. पण डिसेंबर-जानेवारीत मजुराचे चार दिवस अंथरुणात गेले तर चार दिवसांची मजुरी बुडते. आणि दहावीची मुलगी याच दिवसांत म्हणते, "आई, मी उद्यापासून पहिल्या तासाला जात नाही, हात आखडतात." पहिल्या तासाला गणित असते आणि पुढे दोन महिन्यांवर परीक्षा असते. असे बुडालेले पंधरा तास मग मार्चमध्ये शोधूनही सापडत नाहीत.

थंडी पडली की आपल्याकडे एकच उपाय ठरलेला असतो. घरातला सर्वांत जाड स्वेटर काढायचा, वर मफलर गुंडाळायचा, झाले. अंगणात शेकोटीजवळ बसायला हा पोषाख उत्तम आहे. सायकलवर मात्र तो कामाचा नाही. त्याचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होईल.

बसलेल्या माणसाला हवेची थंडी लागते, सायकलवरच्या माणसाला वाऱ्याची लागते. वारा मुळीच नसला तरी तुम्ही ताशी १५ किलोमीटरने सायकल मारता, म्हणजे समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा तुम्ही स्वतःच तयार करता. अंगाभोवती शरीराच्या उबेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. तो थर म्हणजेच आपली खरी गोधडी. वारा ती गोधडी सारखी ओढून नेत असतो. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचे एक कोष्टक अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये स्वीकारले. त्या हिशेबाने ८ अंश तापमानात १५ किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला ते साडेपाच अंशांसारखे वाटते. त्यात समोरून आणखी १० किलोमीटरचा खरा वारा आला तर चारच्या घरात जाते. आणि हाताने विणलेल्या जाड स्वेटरला भोके किती असतात ते उजेडात धरून पाहा. त्यातून वारा असा जातो जसे चाळणीतून पाणी. स्वेटर ऊब धरतो, वारा अडवीत नाही. वारा अडवायला दुसरेच काही लागते.

दुसरा शत्रू आतला, तो म्हणजे घाम. पहिले दहा मिनिट काकडतात, मग पॅडल मारून मारून अंग तापते आणि जाड स्वेटराच्या आत घामाची धार लागते. सुती बनियन तो सगळा घाम पिऊन बसते आणि लवकर वाळत नाही. पुढे रेल्वे फाटकाशी पाच मिनिट थांबावे लागले की तीच ओली बनियन पाठीला बर्फासारखी चिकटते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता पळवते, हे शास्त्र आहे. भट्टीवर, बॉयलरवर किंवा गोदामात हमाली करून रात्रपाळी संपवणाऱ्या बंधूंना आमचे पहिले सांगणे हेच आहे. निघताना ओली बनियन तशीच अंगावर ठेवून वर स्वेटर चढवू नका. डब्याच्या पिशवीत एक कोरडी बनियन असू द्या. ती बदला, पाठ टॉवेलने पुसा, मग निघा. याला खर्च एक पैसा नाही आणि नव्या स्वेटरपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

या दोन गोष्टी किती महत्त्वाच्या आहेत ते इटलीतल्या एका सायकल शर्यतीवरून कळते. 'जिरो द इतालिया' ही तीन आठवडे चालणारी मोठी शर्यत आहे. ५ जून १९८८ रोजी तिचा रस्ता गाव्हिया नावाच्या घाटातून होता. हा घाट २६०० मीटरहून उंच. म्हणजे आपले कळसूबाई १६४६ मीटर, त्याहून सुमारे हजार मीटर वर! ऐन जूनमध्ये त्या दिवशी घाटात बर्फ पडू लागला. योहान फान डेर व्हेल्डे नावाचा हॉलंडचा गडी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात सर्वांच्या आधी माथ्यावर पोचला. चढताना अंग तापलेले, वेग कमी, त्यामुळे थंडीचे त्याला काही वाटले नसावे. पण पुढे सुमारे २५ किलोमीटरचा उतार होता. उतारावर पाय चालत नाहीत म्हणून ऊब तयार होत नाही, वेग मात्र दुप्पट-तिप्पट होतो आणि अंगावर घाम व बर्फ दोन्ही. गडी गारठून गेला, त्याला मधेच थांबून आसरा घ्यावा लागला आणि माथ्यावर पहिला असलेला हा माणूस मुक्कामावर पाऊण तासाहून जास्त मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघाने मात्र सकाळीच बाजारातून बर्फात घालायचे गरम कपडे आणि हातमोजे आणून ठेवले होते. तो त्या दिवशी दुसरा आला, आघाडीचा गुलाबी सदरा त्याने मिळवला आणि पुढे ती शर्यतही जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन. दोघांच्या पायांतली ताकद उन्नीस-बीस असेल. फरक पडला तो कपड्यांनी.

आपल्याला घाटात शर्यत लावायची नाही. पण युक्ती तीच. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावे आणि वाटेत काढता-घालता यावे. अंगाला लागून असा कपडा की जो घाम धरून ठेवणार नाही. खेळाचे जे पॉलिएस्टरचे टी-शर्ट मुले घालतात ते इथे सुती बनियनपेक्षा बरे. त्यावर ऊब धरणारा स्वेटर, तोही पातळ, शक्य तर लोकरीचा. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही, हा तिचा मोठा गुण. आणि सर्वांत वर वारा अडवणारे काहीतरी.

हे 'काहीतरी' दुकानात मागाल तर दुकानदार हजारांच्या गोष्टी दाखवील. आजकाल सकाळी चमचमते कपडे घालून हौसेने सायकल मारणारी मंडळी दिसतात. त्यांच्या जर्किनांची रचना पाहिली तर पुढची बाजू वारा अडवणाऱ्या दाट कापडाची आणि पाठ पातळ, हवा जाणारी असते. पुढून वारा यायचा, मागून घामाची वाफ निघून जायची. एवढीच त्यातली अक्कल, आणि ती आपल्या घरच्या शिलाई मशीनवर जमते. मोडलेल्या छत्रीचे कापड घ्या. छत्री मोडली तरी कापड शाबूत असतेच. ते उसवून धुवा. जुनी बिनबाह्यांची बंडी किंवा अर्ध्या बाह्यांचा सदरा घेऊन त्याच्या दोन्ही पुढच्या भागांवर, गळ्यापासून कमरेपर्यंत हे कापड आतून शिवा. पाठीला लावू नका. बटणांच्या पट्टीतून वारा शिरतो, म्हणून एका बाजूचे कापड चार बोटे जास्त ठेवून दुसऱ्या बाजूवर येऊ द्या. ही बंडी स्वेटरच्या वर घालायची, खाली नाही. घडी केली तर डब्याच्या पिशवीत मावते. पावसाळी रेनकोट घालून काम भागेल असे काहींना वाटते. तो वारा अडवतो खरा, पण पाठीची वाफही अडवतो आणि अर्ध्या तासात माणूस आतून भिजतो. घालायचाच तर पुढची दोन बटणे उघडी ठेवून घाला.

आणि हेही नसेल तर वर्तमानपत्र. हसू नका. दोन-तीन पाने घडी करून स्वेटर आणि सदऱ्याच्या मध्ये छातीवर सरकवा. युरोपातले नामांकित शर्यतपटू घाटमाथ्यावर पोचले की रस्त्याकडेच्या लोकांकडून वर्तमानपत्र घेऊन सदऱ्यात कोंबत आणि मग उतार उतरत. पेपर टाकणाऱ्या पोराजवळ तर हे औषध आधीच गठ्ठ्यात असते. (आमचे साप्ताहिकही चालेल, मात्र आधी वाचून मग!)

आपल्या विदर्भात अडचण अशी की थंडी दिवसभर टिकत नाही. नागपूरला डिसेंबरात पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी २८ च्या आसपास असा साधारण हिशेब असतो. लाट आली की पहाटेचा पारा ८ च्या खाली जातो. २०१८ च्या २९ डिसेंबरला तर तो ३.५ वर गेला होता. म्हणजे पहाटे सहाला निघालेला माणूस दुपारी तीनला परततो तेव्हा तो जणू दुसऱ्याच ऋतूत परततो. जाड जर्किन घातलेला कामगार दुपारी ते हँडलला लटकवून घामाघूम येताना दिसतो, आणि लटकवलेल्या जर्किनाची बाही पुढच्या चाकात जाते ती वेगळीच. थराथराने घातलेले कपडे इथे उपयोगी पडतात. निघताना थोडी हुडहुडी वाटली तर समजावे की कपडे बरोबर आहेत. दारातच ऊब वाटत असेल तर एक कपडा जास्त झाला. ऑक्टोबरात मात्र ही घाई करू नका. परतीचा पाऊस गेलेला नसतो, दुपारचे ऊन भाजते. त्या दिवसांत वाऱ्याची बंडी तेवढी पिशवीत असली तरी पुरे. आणि फेब्रुवारीत पहिले ऊन लागले म्हणून लोक सगळे गरम कपडे एकदम गुंडाळून ठेवतात. पहाटेचा गारवा तेव्हाही असतो, खोकला याच दिवसांत धरतो.

आता हातांचे. छाती गारठली तर त्रास होतो, हात गारठले तर अपघात होतो. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर लागतो आणि समोरून येणारा ट्रक तेवढा उशीर खपवून घेत नाही. लोकरीचे हातमोजे ऊब देतात, पण वारा आत घेतात आणि लोखंडी हँडलवर घसरतात. तळव्याला रेक्झिनचा किंवा रबरी ठिपक्यांचा पट्टा असलेले मोजे पाहून घ्या. मोजे इतके जाड नकोत की बोट ब्रेकवर नीट वळणार नाही. घालून, मूठ दोनदा आवळून पाहावी, मगच पैसे द्यावे. दुसरा उपाय सायकललाच करायचा. उघडे लोखंड हातातली ऊब खेचून घेते. हँडलची मूठ फाटली असेल तर नवी बसवा, ब्रेकच्या दांडीवर जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. पाच मिनिटांचे काम आहे, मुलाला सांगितले तर तो आनंदाने करील.

गुडघ्यांकडे कोणी लक्ष देत नाही. सायकल चालते ती गुडघ्यांवर आणि वारा सरळ त्यांच्यावरच येतो. फाटलेल्या स्वेटराच्या बाह्या चांगल्या असतात. त्या कापून काढा, कापलेल्या कडेला धागा घालून उसवणे थांबवा आणि पँट किंवा सलवारीच्या आत मांडीपासून पोटरीपर्यंत चढवा. दिसत नाही, सरकत नाही, ऊन पडले की काढून खिशात. पायात चप्पल असेल तर अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात ते घ्यावे. बूट असेल तर एकावर एक दोन मोजे कोंबू नयेत. पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि दोन मोज्यांतही पाय गारच राहतो. पँटचा घोळ चेनमध्ये जाऊ नये म्हणून जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद कडी कापून घोट्यावर चढवली की झाले.

सर्वांत जास्त काळजीची गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली, कारण ती सविस्तर सांगायची होती. थंडीत बाया-मुली शाल घेतात, ओढणी दुहेरी करून गळ्याभोवती घेतात आणि टोके पाठीवर सोडतात. सायकलचे मागचे चाक पाठीपासून हातभर अंतरावर फिरत असते. ओढणीचे टोक तारांत गेले की चाक ती गुंडाळीत जाते आणि दुसरे टोक गळ्यात असते. सुटायला वेळ मिळत नाही. नामवंत नर्तकी इसाडोरा डंकन १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात अशीच गेली. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ मोटारीच्या चाकात गुंतला. मोटार असो की सायकल, चाकाला फरक कळत नाही. तेव्हा सायकलवर शाल नकोच. ओढणी घ्यायची तर छातीवरून तिरपी घेऊन कमरेला बाजूला गाठ मारावी, टोके आत खोचावी. गळ्याला ऊब हवी तर गळाबंद स्वेटर घालावा किंवा चौकोनी रुमाल बांधून त्याची टोके स्वेटरच्या आत घालावी. मफलर घेणाऱ्या बंधूंनाही हेच लागू आहे. साडी नेसून सायकल चालवणाऱ्या भगिनींनी पदर कमरेला खोचावा, वरून पुरुषी सदरा किंवा जर्किन चढवावे. आणि मागच्या चाकाला साडीची जाळी नसेल तर आधी ती बसवून घ्यावी, स्वेटर नंतर.

मुलींबाबत आणखी एक. काही शाळांत गणवेशाच्या स्वेटरशिवाय अंगावर दुसरे काही चालत नाही, स्कर्टखाली लेगिंग घातले तरी बाई बोलतात. मुलगी घरी सांगत नाही. ती थंडीत कुडकुडत जाते किंवा जातच नाही. अशा वेळी मुलीला 'दम धर' म्हणू नका. पालक सभेत उभे राहून सांगा की ही मुलगी पाच किलोमीटर सायकलने येते, वर्गात आल्यावर ती वरची बंडी काढून ठेवील, पण वाटेत ती घालणारच. एकट्या आईने सांगितले तर कदाचित ऐकणार नाहीत. वस्तीतल्या पाच-सहा जणी मिळून गेल्या तर ऐकतात. भावाला नवे जर्किन आणि बहिणीला त्याचे जुने, ही वाटणीही एकदा घरात तपासून पाहावी. घरातले चांगले गरम कापड पहाटे सायकलवर जाणाऱ्याचे, मग तो मुलगा असो वा मुलगी.

थंडीच्या दिवसांत पहाटे धुके असते आणि संध्याकाळ लवकर होते. आपले स्वेटर मात्र काळे, निळे, तपकिरी. मळत नाहीत म्हणून घेतलेले. ट्रकवाल्याला असा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. वरची बंडी पांढरी किंवा पिवळी असू द्या. उजेड परतवणारी चमकती पट्टी सायकलच्या, रिक्षाच्या सामानाच्या दुकानात मिळते. तिचा एक तुकडा पाठीवर आणि एकेक तुकडा दोन्ही घोट्यांवरच्या ट्यूबच्या कड्यांना लावा. पाय खाली-वर होतात तशी ती हलते आणि हलणारी चमक डोळ्याला चटकन दिसते. कानटोपीने कान झाकावे, पण इतके नाही की मागचा हॉर्न ऐकू येणार नाही. माकडटोपी सायकलवर आम्हाला पसंत नाही. मान वळवली की डोळे टोपीतच राहतात. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी नाका-तोंडावर पातळ सुती रुमाल बांधावा आणि पहिला किलोमीटरभर हळू जावे. गार हवा एकदम छातीत गेली की दमा उसळतो.

खरेदी करायचीच तर थंडीच्या ऐन भरात करू नका. तिबेटी स्वेटरवाले हिवाळ्यात आपल्या शहरांत येतात. जानेवारी सरता सरता परतायची तयारी करतात, तेव्हा भाव बरा होतो. जुन्या कपड्यांच्या बाजारात परदेशातून आलेली जर्किने मिळतात. ती घेताना चेन दोनदा वर-खाली करून पाहावी आणि कापडाला तोंड लावून फुंकर मारावी. पलीकडे धरलेल्या हाताला फुंकर लागली तर ते वारा अडवणार नाही, रंग कितीही चांगला असो.

लोकरीचे कपडे गरम पाण्यात घालू नका, आटतात. थंड पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवावे. दोरीवर टांगले की लांबतात. फेब्रुवारी संपताना पूर्ण वाळलेल्या घड्या कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह जुन्या सुती साडीत बांधून ठेवाव्या. छत्रीच्या कापडाची बंडी मात्र बांधून ठेवू नका, तिला खुंटीवरच राहू द्या. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या वाऱ्यात ती पुन्हा लागते.